मी कुठेच फिट बसत नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

‘ताई, वय ३८. एका खाजगी कंपनीत अकाउंट्स सांभाळतो. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ते व्हीलचेअरवर आले. तोवर मला पायऱ्या दिसतच नव्हत्या. आता पायऱ्यांशिवाय काही दिसत नाही. त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात गेलो. रॅम्प होता, पण इतका उभा, की दोघांनी ढकलूनही खुर्ची मागे यायची. शेवटी परत आलो. तेव्हापासून काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं. दोन मोर्च्यांना गेलो, घोषणा देताना आवाजच फुटेना. एका शिक्षणाच्या गटात गेलो, एका पर्यावरणाच्या. कुठेही चार-सहा आठवड्यांच्या वर टिकलो नाही. सोशल मीडियावर लिहितो, त्यातून वाद होतात, रात्री झोप लागत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाची दोन शिबिरं केली. तिथे सांगितलं, आधी स्वतःला बदला, मग जग बदलेल. बायको म्हणते, जगाचं करण्याआधी घरात लक्ष द्या. कधी वाटतं, नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडावं. मी कुठेच फिट बसत नाही. समाज बदलायचा तर त्यात माझी भूमिका कोणती, हे ओळखायचं कसं? की आधी स्वतःलाच घडवायला हवं? — अस्वस्थ’

नमस्कार.

‘तोवर मला पायऱ्या दिसतच नव्हत्या’ हे तुमचं वाक्य मी परत परत वाचलं. पस्तीस वर्षं तुम्ही कितीतरी इमारतींच्या पायऱ्या चढला-उतरला असाल. बाबांची खुर्ची ढकलायला लागल्यावर त्याच इमारती वेगळ्या दिसू लागल्या. स्वतःला कसं घडवायचं असं तुम्ही विचारताय, पण तुमचं घडणं तिथेच सुरू झालंय. कुणाचं व्याख्यान ऐकून ते झालेलं नाही. खुर्चीची मूठ तुमच्या हातात होती, म्हणून झालं.

त्यामुळे ‘आधी मी की आधी काम’ याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते. आधी स्वतःला बदला, हा सल्ला मला पटत नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तो ऐकून माणसं वर्षानुवर्षं तयारीच करत राहतात. आणखी एक शिबिर, आणखी एक पुस्तक, मग मी लायक होईन. संयम, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं, राग आवरून तो कामाला लावणं, चूक कबूल करणं हे सगळं कामाच्या पोटातच तयार होतं. एकाच अर्जासाठी चौथ्यांदा त्याच खिडकीपुढे उभं राहिल्यावर कळतं, आपल्यात संयम किती आहे. नसला, तरी तिथे तो आणावा लागतो, कारण बाजूला खुर्चीत बसलेला माणूस आपल्या भरवशावर आलेला असतो.

अर्थात स्वतःकडे अजिबात न बघता नुसतं कामात झोकून देणंही मी जवळून पाहिलंय. चांगली चांगली माणसं, जीव तोडून राबणारी, आणि दहा वर्षांनी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. स्वतःकडे बघायला हवंच. फक्त ते काम चालू असताना बघायचं, कामाच्या आधी कोपऱ्यात बसून नव्हे.

आता भूमिकेबद्दल. इथे मला माझं एक जुनं रजिस्टर आठवतंय.

पंचविशीत असताना मी एका केंद्रात जायला लागले. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका तिथे सल्ल्यासाठी यायच्या. मला समुपदेशक व्हायचं होतं, आणि आपल्याला ते जन्मजातच येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात एक बाई सांगत होत्या, आणि मी त्यांना मधेच तोडून म्हटलं, ‘तुम्ही ते घर सोडायलाच हवं.’ त्या थांबल्या. मांडीवरची पिशवी उचलली, ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत. ते ‘बरं’ मला आजही ऐकू येतं.

केंद्र चालवणाऱ्या बाई मला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लांबडं रजिस्टर पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, ‘सध्या बोलू नकोस. कोण आलं, कधी आलं, बरोबर कोण होतं, परत कधी बोलावलं आणि आल्या का, एवढं लिही. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिही.’ मला ती शिक्षा वाटली. घरी येऊन रडले. सोडून द्यायचं असंही ठरवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी लिहिणारं कुणी नव्हतं म्हणून गेले. असं करत करत पाच महिने गेले.

एका रिकाम्या दुपारी मी ते रजिस्टर सुरुवातीपासून चाळत बसले होते. ‘परत आल्या का’ या रकान्यावरून बोट खाली नेत होते. काही ठिकाणी ‘हो’, बऱ्याच ठिकाणी कोरं. मग सहज शेजारचा ‘बरोबर कोण’ हा रकाना बघितला. जिथे ‘मूल’ लिहिलं होतं, तिथे पुढे बहुतेक वेळा कोरंच होतं. ज्या एकट्या आल्या त्या परत यायच्या, ज्यांच्या बरोबर लहान मूल होतं त्या येत नव्हत्या. आमच्याकडे एकच खोली होती. मुलासमोर आई काय बोलणार? ती दोन वाक्यं बोलायची, मुलाकडे बघायची आणि गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं, हिची अजून तयारी नाही.

मी हे बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली आणि त्याच आठवड्यात मागच्या सामानाच्या खोलीत एक सतरंजी, थोडी खेळणी आणि एक मुलगी बसवली. पुढच्या महिन्यांत तो कोरा रकाना भरायला लागला. आणि तेव्हापासून कुठलीही बैठक सुरू होण्याआधी बाई माझ्याकडे वळून विचारायच्या, ‘रजिस्टर काय म्हणतंय?’

माझी भूमिका मला अशी मिळाली. मी ती शोधली नव्हती. कुणीतरी मला काही महिने बघितलं, मी कशाला टिकते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ती जागा माझ्याकडे आपोआप आली. लिहिता लिहिता ऐकायलाही शिकले. समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवायचं म्हटलं की मधे तोडता येत नाही. वर्ष-दीड वर्षाने बाईंनी मला पुन्हा समोर बसून बोलायला सांगितलं, तेव्हा मी वेगळी होते.

तुम्ही चार-सहा आठवड्यांत बाहेर पडलात, तिथे मला नेमकी हीच अडचण दिसते. तेवढ्या दिवसांत तुमचं नावही सगळ्यांना पाठ झालेलं नसतं. ‘फिट बसतो का’ हे तुम्ही जाऊन तपासता, जमत नाही असं वाटलं की निघता. पण जागा मापाने शिवून ठेवलेली नसते. लोकांना तुमचा भरवसा वाटायला लागला की मग ती तयार होते, आणि त्याला वेळ लागतो.

तुमच्या विषयातलंच एक उदाहरण सांगते, कारण त्यात किती तऱ्हेची माणसं लागली हे फार स्पष्ट दिसतं. अमेरिकेत १९७३ साली एका कायद्यात एक छोटं कलम आलं, कलम ५०४. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंग माणसाला निव्वळ अपंगत्वामुळे वगळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण कलम लागू करायचे नियम चार वर्षं निघालेच नाहीत. नियमांवर संबंधित खात्याच्या मंत्र्यांची सही होत नव्हती, त्यामुळे कलम कागदावरच होतं. शेवटी ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत अपंग कार्यकर्ते त्या खात्याच्या कार्यालयांत गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयात शंभराहून जास्त माणसं आत बसली, आणि तो ठिय्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालला. २८ एप्रिलला सही झाली.

यातलं नाव घेतलं जातं ते ज्युडी ह्यूमनचं, आणि ते घ्यायलाच हवं. लहानपणी पोलिओ झालेली ही बाई आत बसलेल्यांचा आवाज होती. पण तुम्ही त्या इमारतीच्या आत डोकावून बघा. काहींना रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा, तर कुणीतरी रात्रभर जागं राहून कूस बदलून देत होतं. औषधं गार ठेवायला फ्रिज नव्हता, तेव्हा एअर कंडिशनरला खोकं चिकटवून सोय केली गेली. फोन तोडल्यावर आतले कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप द्यायला लागले. ब्लॅक पँथर या संघटनेची माणसं रोज बाहेरून जेवण आणून देत होती. काही जण मंत्र्यांना गाठायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा व्हीलचेअर चढवता येतील असा ट्रक कामगार संघटनेने मिळवून दिला. किटी कोनसारखी माणसं पुढची चाल काय, कुणाला भेटायचं, कुणाचा पाठिंबा घ्यायचा हे आखत होती. आणि हे सगळं व्हायच्या आधी काही वर्षं कुणीतरी त्या नियमांचे मसुदे ओळ न् ओळ वाचत होतं, कुठला शब्द बदलला तर अर्थ पातळ होईल हे शोधत होतं. ते वाचलं गेलं नसतं, तर नेमकी कशावर सही मागायची हेच ठरलं नसतं.

यातल्या किती जणांना घोषणा देता येत होत्या, मला सांगता येणार नाही. तुमचा आवाज मोर्च्यात फुटला नाही याचा तुम्हाला इतका सल वाटतोय, म्हणून हे लिहिलं. आपल्याकडे ‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ असं हिणवून म्हणतात. मला हा शब्दप्रयोग मुळीच आवडत नाही. सभा झाल्यावर सतरंज्या उचलणाऱ्याला माहीत असतं, किती लोक शेवटपर्यंत बसले होते आणि कोण मधेच उठून गेलं.

१ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापिका कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी बरोबर घेऊन पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं छापत बसल्या, आणि सकाळ झाली तशी ती शहरभर वाटायला लागल्या. ‘सोमवारी बसमध्ये चढू नका.’ एका दिवसाचा म्हणून पुकारलेला तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. एका रात्रीत हे कसं जमलं? कारण रॉबिन्सन आणि त्यांच्या बरोबरीच्या बायका आधीची काही वर्षं बसच्या तक्रारी गोळा करत होत्या, महापौरांना पत्रं लिहीत होत्या, कुठे किती पत्रकं द्यायची याचा विचार करून बसल्या होत्या. अटकेची बातमी आली, तेव्हा त्या आधीच आपल्या जागेवर होत्या.

बिल मोयर नावाच्या एका अमेरिकन कार्यकर्त्याने आयुष्यभर आंदोलनांत काम करून एक मांडणी केली होती. सामाजिक बदलाला चार तऱ्हेची माणसं लागतात: समाजाला आपली वाटणारी साधी नागरिक, अन्यायाला थेट ‘नाही’ म्हणणारी बंडखोर, कायदे-नियम-कचेऱ्यांत शिरून बदल करून घेणारी सुधारक, आणि लोकांना जोडून दीर्घकाळ बांधणी करणारी संघटक. प्रत्येक भूमिका नीटही निभावता येते आणि वाईटही, हे त्याचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बंडखोर नुसताच संतापी होऊ शकतो. सुधारक कचेरीत बसून बसून कचेरीचाच होऊन जातो.

अशा याद्या तुम्हाला शिबिरांतही भेटल्या असतील, चार प्रकार, दहा प्रकार, तुमचा कोणता ते ओळखा. माझी विनंती आहे, ही यादी स्वतःला लावून बघत बसू नका. ती दुसऱ्यांसाठी वापरा. मोर्च्यात ओरडणारा तुम्हाला उथळ वाटला असेल, साहेबाबरोबर चहा पिऊन काम करून घेणारा तडजोडवादी वाटला असेल. दोघांचंही काम लागतं, हे एकदा आत उतरलं की गटातली निम्मी भांडणं मिटतात. स्वतःची भूमिका मात्र आरशात बघून कळणार नाही. ती तुमच्याबरोबर वर्षभर काम केलेल्या माणसांना विचारा. ते दोन मिनिटांत सांगतील.

मग सुरुवात कुठून? तुमच्यापुरतं मला अगदी स्पष्ट दिसतं. शिक्षण, पर्यावरण हे विषय मोठे आहेत, पण तिथे तुम्हाला कोणत्या गोष्टीने ओढून नेलं, हे पत्रात कुठेच नाही. रॅम्पबद्दल मात्र प्रत्येक शब्द जिवंत आहे. तेव्हा अपंग व्यक्तींनी स्वतः चालवलेला एखादा गट शोधा. स्वतः चालवलेला, यावर माझा जोर आहे. या चळवळीतली जगभरची जुनी मागणी आहे, की आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय ठरवू नका. धडधाकट माणसं कळवळ्याने येतात, आणि बघता बघता माइक त्यांच्याच हातात जातो. तुम्ही तसं करणार नाही याची मला खात्री आहे, तरीही सांगून ठेवते, कारण हे नकळत होतं.

तिथे गेल्यावर ‘मी काय करू शकतो’ असं विचारू नका. त्याचं उत्तर शोधायची जबाबदारी तुम्ही त्यांच्यावर टाकता, आणि ती माणसं आधीच थकलेली असतात. ‘तुमचं कुठलं काम बरेच दिवस अडून पडलंय?’ असं विचारा. उत्तर बहुधा कंटाळवाणं असेल. मागच्या वर्षीच्या अर्जांची फाइल लावायची आहे. पावत्या जुळत नाहीत. बैठकीची टिपणं कुणी काढत नाही. त्यातलं एक घ्या आणि पूर्ण करा. किमान सहा महिने दुसरं काही सुचवू नका. तुम्हाला शंभर सुधारणा सुचतील, त्या वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा अर्ध्या तुम्हीच खोडाल, कारण ते काम तसंच का चालतं हे तोवर कळलेलं असेल. उरलेल्या तेव्हा बोलून दाखवा, लोक ऐकतील.

आणि तुम्ही अकाउंट्सवाले आहात, हे पत्रात तुम्ही ओझरतं सांगितलंय, जणू त्याचा इथे उपयोग नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सगळ्यात कामाची माहिती आहे.

तो रॅम्प परत आठवा. खुर्चीच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण १ : १२ आहे. म्हणजे एक सेंटिमीटर उंची चढायला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या धरल्या, तर उंची ४५ सेंटिमीटर, आणि उतार हवा ५ मीटर ४० सेंटिमीटरचा. तुमच्या वर्णनावरून तिथला उतार याच्या निम्माही नसावा. कुणीतरी पायऱ्यांवर सिमेंट ओतून ‘रॅम्प बांधला’ असं कागदावर लिहिलं असणार, त्याचं बिल निघालं असणार, आणि अहवालात एका रकान्यात ‘पूर्तता’ अशी खूण झाली असणार. बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित. खूण खरी आहे की खोटी हे फक्त टेप लावल्यावर कळतं.

महिनाअखेरीला ताळा जुळत नसेल तर तुम्ही काय करता? एकेक व्हाउचर काढून बघता, फरक सापडेपर्यंत उठत नाही. इथेही तेच करायचं आहे. सार्वजनिक इमारती सुगम करायला तरतूद किती होती, खर्ची किती पडली, कशावर पडली, आणि जागेवर प्रत्यक्षात काय आहे. उताराची लांबी, उंची, कठडा आहे का, दाराची मोकळी रुंदी किती. ती ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर खुर्ची आत नेणं अवघड जातं. स्वच्छतागृहात खुर्ची वळते का. अशा वीस इमारतींचा तक्ता, प्रत्येक ओळीला फोटो आणि तारीख. अशा कागदापुढे अधिकाऱ्याला ‘बघू’ म्हणणं अवघड जातं. बोलणारे, लढणारे पुष्कळ गटांत असतात. आकड्यांच्या मागे लागून शेवटपर्यंत जाणारा माणूस फार थोड्या गटांना मिळतो. मात्र हा तक्ता तुम्ही एकट्याने करून घोषणा करू नका. गटातल्या खुर्ची वापरणाऱ्या माणसांबरोबर जा, मोजमाप त्यांच्या सांगण्यावरून घ्या, आणि मांडू दे त्यांनाच. काय मोजायला हवं हे त्यांच्या मनगटांना माहीत असतं.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात. तुम्ही तिथे लिहिताय त्यातलं किती लिहिल्यावर झोप उडते आणि किती लिहिल्याने एखादी गोष्ट हलते, हे महिनाभर नोंदवून बघा. मला वाटतं तुम्ही स्वतःच कमी कराल. झोप घालवून कुठलंही काम दोन वर्षं टिकत नाही, हे मात्र मी ठामपणे सांगते.

नोकरी सोडू नका. निदान आत्ता नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, तेव्हा ते कॉलेजात गणित शिकवत होते. काम करता करता नोकरी गेली, कारण हे विचार लोकांना पचत नव्हते. पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये ते वारले तोवर त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. खटले झाले, पैसा नव्हता, पत्नी मालतीबाईंची साथ होती म्हणून ते निभलं. त्यांच्यासारखं वागा असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचं काम आधी उभं होतं आणि त्या कामाने त्यांच्याकडून नोकरीची किंमत मागितली, एवढंच दाखवायचंय. तुमच्याकडे अजून तसं काम उभं नाही. आज नोकरी सोडलीत, तर कामाने तुम्हाला लगेच ओळख द्यावी, समाधान द्यावं अशी घाई तुमच्यात येईल, आणि कुठलीही चळवळ ते देऊ शकत नाही. आठवड्याचे चार तास द्या, पण ते चार तास कशासाठीही मोडू नका. कधीतरी उगवणाऱ्या दहा तासांपेक्षा लोकांना त्याचा आधार जास्त वाटतो.

ओळखीचं निघालंच आहे तर एक अवघड गोष्ट लिहिते. आपण काहीतरी आहोत, आपलं नाव व्हावं, ही ओढ समाजकार्यात येणाऱ्या जवळपास प्रत्येकात असते. माझ्यात होती, अजून आहे. तिची लाज बाळगू नका आणि तिला लपवूही नका. लपवली की ती त्यागाचं सोंग घेऊन येते, आणि मग आपण ‘मी एवढं केलं’ हे न बोलता सगळ्यांना ऐकवत राहतो. एखाद्या जवळच्या माणसाजवळ मोकळेपणाने बोलून टाका, की माझं नाव घेतलं नाही तेव्हा मला वाईट वाटलं. बोललं की ते आपल्या मापाचं राहतं.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. तुम्ही ते अडथळा म्हणून लिहिलंय, असं मला वाटलं. पण पत्रात एक गोष्ट कुठेच आलेली नाही: बाबांचं रोजचं कोण बघतं? सकाळी त्यांना कोण उठवतं, आंघोळ कोण घालतं, औषधांच्या वेळा कुणाच्या लक्षात असतात, तुम्ही मोर्च्याला गेलात त्या दिवशी घरी कोण थांबलं होतं? माझा अंदाज चुकीचा असेल तर मला आनंदच होईल. पण तो बरोबर असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या इमारतीत रात्री जागून कूस बदलून देणारा हात तुमच्या घरात आहे, गेली तीन वर्षं आहे, आणि त्याला तुम्ही अजून काम म्हणून मोजलेलं नाही. गटात जायच्या आधी त्यातला तुमचा वाटा ठरवा. ‘मदत करतो’ असं न म्हणता काही गोष्टी पूर्णपणे आपल्याकडे घ्या, त्यांच्या वेळेसकट आणि काळजीसकट. यात पत्नीवर उपकार नाहीत. खुर्चीत बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे तुम्हाला इथेच कळणार आहे, आणि पुढे कुठल्याही तक्त्यात काय लिहायचं ते त्यावरच ठरणार आहे. शिवाय तुमचे ते चार तास पत्नीशी बोलून, त्यांनाही तसेच चार तास मोकळे मिळतील अशा बेताने ठरवा.

शेवटची गोष्ट मला तिसऱ्यांदा वाचताना दिसली. सगळ्या पत्रात बाबा एका शब्दानेही बोलत नाहीत. शेवटी तुम्ही परत आलात, असं लिहिलंय. परत जायचं हे कुणी ठरवलं? त्यांनी, की घामाघूम झालेल्या तुम्ही? गेल्या तीन वर्षांत त्यांना कुठे जावंसं वाटलं आणि राहून गेलं, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? ते कार्यालय नसेलही. एखादा जुना मित्र असेल, वाचनालय असेल, नुसता मोकळा रस्ता असेल.

येत्या रविवारी विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. मग टेप आणि वही घेऊन दोघं मिळून त्या वाटेने निघा, आणि कुठे थांबायचं, काय मोजायचं, ते त्यांना सांगू दे. तुम्ही लिहा.